चांदीच्या वाटीतलं वरण

मी बुटीबोरीच्या एका कापड कारखान्याचं कॅन्टीन सांभाळते. सुपरवायझर म्हणतात मला, पण खरं काम भांडणाचं. वरणाचा डाव भरून पडला नाही की बिहारची पोरं, ओडिशाची पोरं, आमच्या उमरेडकडची पोरं, सगळी एकाच भाषेत ओरडतात. म्हणून आल्याआल्या मी पहिला नियम केला. डाव एकच राहील आणि तो काठोकाठ पडेल. ज्याला जास्त लागतं त्यानं पुन्हा यावं, कोणी अडवणार नाही, पण पहिला डाव सगळ्यांना सारखा. माणसाच्या पोटात किती गेलं हे कळायचं असेल तर मापाचं भांडं ठरलेलं पाहिजे, एवढी साधी गोष्ट आहे ही. आईच्या आजारपणात ती आमच्या घरात कोणालाच सुचली नाही, डाएटिशियनलाही नाही, आणि त्याचा राग मला अजूनही येतो.

आमचं घर नंदनवनात. आम्ही कोष्टी. बाबा आधी घरच्या मागावर लुगडी विणायचे. माग विकला तेव्हा बुटीबोरीच्या गिरणीत लागले आणि तिथूनच रिटायर झाले. माझी शिफ्ट पहाटे सुरू होते, म्हणून मी बुटीबोरीतच खोली घेऊन राहते आणि रविवारी घरी येते. घरात आई आणि बाबा दोघंच. आई स्वयंपाकघरात आणि बाबा स्वयंपाकघराच्या बाहेर, अशी त्यांच्या संसाराची वाटणी होती. बाबांना चहा सोडून काही करता येत नव्हतं, आणि तो चहाही पिण्यासारखा नसायचा.

त्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला आईला ताप आला आणि तो जाता जाईना. गेला तेव्हा आईची पार दशा करून गेला. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. चार पावलं टाकली की भिंतीला टेकायची. त्यात तिच्या पोटावर जुन्या ऑपरेशनच्या जागी हर्निया होता. वर्षानुवर्षं ती तो हातानं आत दाबून कामाला लागायची, कोणाला सांगायची नाही. तापानंतर तो दुखायला लागला तेव्हा कुठे आम्हाला कळलं. तेव्हा मी तिच्यावर इतकी ओरडले की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली.

सर्जननं तपासलं आणि सरळ सांगितलं. हा कधी ना कधी अडकणार, ऑपरेशन करावंच लागेल. पण आज केलं तर जखम भरून यायला या अंगात काही शिल्लकच नाही. दिवाळीच्या आत यांचं वजन वाढवा, रक्तातलं प्रोटीन सुधारा, मी व्यवस्थित ऑपरेशन करून देतो. त्याआधी अडकला तर घाईगर्दीत करावं लागेल, आणि मग मी तुम्हाला कसलाच शब्द देऊ शकत नाही.

आई बाहेर बाकावर बसली होती. तिनं बाबांना विचारलं, "काय म्हणे डॉक्टर?"

"म्हणे जेव," बाबा म्हणाले.

"एवढंच? मग कायले पैसे घेते तो?"

बाबा हसले, पण रिक्षात बसल्यावर ते घरापर्यंत डॉक्टरची चिठ्ठी उघडून पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं. घाबरले होते ते. मीही.

दवाखान्यातली डाएटिशियन माझ्यापेक्षा लहान होती, बोलकी, आणि समजावून सांगायची तिला आवड होती. तिनं बाबांना समोर बसवलं. दिवसाला माणसाला किती खायला लागतं याची प्रमाणं ठरलेली असतात काका, ती म्हणाली, पण ती धडधाकट माणसांसाठी. वय, उंची, काम, बाई की पुरुष, यावर ती बदलतात. आजारातून उठलेल्या माणसाला झीज भरून काढायची असते, म्हणून त्याला जास्त लागतं. प्रोटीन वजनाच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम, काकूंसाठी त्याहून थोडं वर धरू. आणि नुसतं प्रोटीन कोंबूनही उपयोग नाही. भात, भाकर, तेल, तूप यांनी ताकद मिळाली नाही तर शरीर प्रोटीनच जाळत बसतं. घरात सरपण नसलं की माणूस बसायचा पाटसुद्धा फोडून चुलीत घालतो, तसं.

हे पाटाचं बाबांना एकदम पटलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "म्हणजे किती वाट्या?"

"दुपारी दोन वाट्या वरण, रात्री दोन वाट्या. त्याच्यासोबत भात किंवा पोळी, वरून तूप. सकाळी अंडं नाहीतर दूध. मधल्या वेळी काहीतरी. आणि दर आठवड्याला वजन करायला या."

"दोन अन् दोन चार वाट्या," बाबा म्हणाले. "होऊन जाईल."

मी बाजूलाच बसले होते. टेबलावर स्टीलची वाटी ठेवलेली होती, नमुन्याची. तिच्याकडे ना बाबांनी पाहिलं ना मी. वाटी म्हणजे वाटी, त्यात काय पाहायचं?

मी सुट्टी काढून आईजवळ राहते म्हटलं तर बाबांनी साफ नकार दिला. "तुह्या नोकरीचं कसं? मी आहो ना." मी म्हटलं, तुम्हाला वरण येते का? तर म्हणाले, शिकतो. आणि खरंच शिकले. आई खाटेवरून सांगायची, हे स्वयंपाकघरातून विचारायचे. हळद किती, मीठ किती, शिट्टी झाली का, गॅस बंद करू का. आईला धड बसवत नव्हतं, पण ओरडायची ताकद कुठून यायची देव जाणे. "अवो, जिरं जळून राहिलं, वास येऊन राहिला मले इथवर!" असं ती ओरडली की मला फोनवरही ऐकू यायचं.

रोज संध्याकाळी मी फोन करायची.

"काय खाल्लं आईनं?"

"दोन वाट्या वरण दुपारी. भरून. एक थेंब नाई ठेवला."

"आणि रात्री?"

"रात्रीही देतो ना दोन. तू चिंता नको करू."

मी फोन ठेवायची आणि मला हलकं वाटायचं. आमच्या कॅन्टीनमध्ये चार वाट्या वरण खाणारा गडी दिवसभर गाठोडी उचलतो. आईच्या पोटात एवढं जातंय म्हटल्यावर ती उठून बसणारच, असा माझा हिशेब होता.

पण रविवारी गाडी बिघडायची. रविवारी मी घरी, त्यामुळे आईला जेवू घालायचं काम माझं. मी नेहमीच्या स्टीलच्या वाटीत वरण घ्यायची, वर तूप, बाजूला मऊ भात. आई दोन घास खायची आणि तोंड फिरवायची. मी चुचकारून पाहिलं, रागावून पाहिलं, शपथा घालून पाहिल्या. एकदा तर मी रडलेही. ती म्हणायची, "पोट भरलं वं माहं. कायले माह्या मागं लागली तू?"

"बाबांच्या हातून दोन वाट्या जातात, माझ्या हातून दोन घास जात नाहीत?"

"ते मागं लागत नाई तुह्यासारखे."

बाबा दारात उभे असायचे. चेहऱ्यावर थोडासा गर्व. "माह्या हातून नीट खाते ते," असं म्हणून ते आत जायचे. मला सांगायला लाज नाही, मला त्यांचा हेवा वाटायचा. जन्मभर ज्या माणसानं आईला पाण्याचा ग्लास नेऊन दिला नाही, त्याच्या हातून ती खाते, आणि मी पोटची पोर असून माझ्या हातून नाही. बुटीबोरीच्या बसमध्ये बसून मी सगळ्या रस्ताभर धुमसत राहायची.

मग ठरलेल्या दिवशी वजन केलं तर ते वाढलं नव्हतं. पुढच्या वेळी पाहिलं तर उलट थोडं उतरलं होतं. डाएटिशियननं काटा पुन्हा शून्यावर आणून पाहिला. आईला चप्पल काढून, शाल काढून उभं केलं. आकडा तोच. बाबांचा चेहरा पडला. "चार वाट्या खाते मॅडम," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "चार वाट्या, भरून." सर्जननं आत बोलावून मला एकटीलाच सांगितलं की असंच चाललं तर दिवाळीच्या आत ऑपरेशन मी करणार नाही, आणि हर्निया आता पूर्वीसारखा सहज आत जात नाहीये.

निघताना डाएटिशियन मला हळूच म्हणाली, "ताई, काकांवर अविश्वास नाही, पण एक दिवस दुपारी तुम्ही न सांगता घरी जाऊन बघा. वाढलेलं सगळं पोटात जातं असं नसतं."

मला वाटलं, आई खिडकीतून टाकत असेल. खरं सांगते, असंच वाटलं मला. लहानपणी मी कारल्याची भाजी अशीच टाकायची आणि ती मला रंगेहाथ पकडायची. आता माझी पाळी, अशा तयारीनं मी आठवड्याच्या मध्येच सुट्टी टाकली आणि भर दुपारी घरी पोचले. दार लोटलेलंच होतं.

आई खाटेवर उशीला टेकून बसली होती. बाबा समोर स्टुलावर. बाबांच्या हातात वाटी, आणि ते चमच्यानं आईला भरवत होते. आई गुमान खात होती. एक चमचा, मग थोडा वेळ, मग दुसरा. बाबा घाई करत नव्हते, बोलत नव्हते. रेडिओवर काहीतरी बारीक आवाजात चालू होतं. दारात उभी राहून मी ते पाहिलं आणि माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. इतक्या मायेनं बाबांना कोणाशी वागताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मग मला ती वाटी दिसली.

चांदीची. काठाला बारीक वेल, एका बाजूला पोचा. माझ्या उष्टावणाला मामानं दिलेली. मुलाला पहिला भात भरवतात ना, त्या दिवशी मामा अशी वाटी आणतो. मला त्या वाटीतून पहिला घास भरवला होता, आणि मग ती आईनं कपाटात कपड्यात गुंडाळून ठेवली होती. ती माझ्या मुठीत मावते. तान्ह्या पोराच्या पोटाच्या मापानं केलेली वाटी ती. आणि तिच्यात वरणही कसलं, तर नुसतं पिवळं पाणी.

"बाबा!"

दोघंही दचकले.

"हीच वाटी का? रोज हीच?"

"हाव," बाबा म्हणाले. "चांदीची आहे. बिमाराले चांदीत द्यावं, अंगाले लागते. दुसरी झाली आत्ता, पाह्य, पुरी रिकामी." आणि त्यांनी मला वाटी तिरपी करून दाखवली.

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. या दोन वाट्या म्हणजे आमच्याकडच्या एका डावाइतकंही वरण होत नाही बाबा, आई उपाशी आहे इतके दिवस, तुम्ही फोनवर मला भरून भरून सांगता! आणि वरण असं पाणी काहून? डाळ कुठं आहे यातली?

"डाळ खाली राहते ना. वरची निवळ देतो मी तिले. सत्त्व त निवळीतच उतरते."

यात बाबांचं एकट्याचं काही नाही. आमच्या घरात सगळा जीव रश्श्यात असतो. मटण शिजलं की आधी रस्सा कसा झाला ते विचारतात, फोडी मागाहून. आजारी माणसाला पायाचं सूप, बाळंतिणीला रस्सा. ताकद पाण्यात उतरते आणि खाली राहतो तो चोथा, ही समजूत आमच्या हाडात मुरलेली. मीही लहानपणापासून हेच ऐकलं. कॅन्टीनला लागल्यावर मला कळलं की वरची निवळ घेणाऱ्याला तासाभरात भूक लागते आणि तळ ढवळून घेणारा संध्याकाळपर्यंत टिकतो.

बाबांनी चमचा खाली ठेवला. वाटी हातात धरून तसेच बसून राहिले. आईच भडकली माझ्यावर. "कायले ओरडते वं त्यांच्यावर? सकाळपासून ओट्यापाशी उभे राहते ते माह्यासाठी. मले मोठी वाटी दिसली का ओकारी येते. यांनी ही काढली म्हणून त चार चमचे गेले पोटात. तुह्या वाटीतलं किती गेलं रविवारी, सांग बरं!"

ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी ती वाटी पर्समध्ये टाकून मी बाबांना घेऊन दवाखान्यात गेले. डाएटिशियननं नमुन्याच्या वाटीत पाणी भरलं आणि ते चांदीच्या वाटीत ओतायला लागली. चांदीची भरली, तिनं रिकामी केली. पुन्हा भरली, पुन्हा रिकामी केली. पुन्हा भरली. मोठ्या वाटीत अजून पाणी होतंच. बाबा तिच्या हाताकडे टक लावून बघत होते. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते शर्टाच्या बाहीला पुसले.

"चूक माझीही आहे काका," ती म्हणाली. "वाटी म्हणताना मी ती हातात घेऊन दाखवायला हवी होती. आता उद्यापासून ही मोठी वाटी."

"नाई," बाबा म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. पण बाबा मॅडमकडे बघून सावकाश बोलायला लागले. "पाह्य पोरी, मी विणकर माणूस. मागावर चढवायच्या आधी ताण्याले, उभ्या सुताले, खळ म्हणजे पेज पाजावी लागते. सूत कमजोर असलं अन् एकदम भरपूर खळ पाजली त ते चिकटते, तुटते. त्याले थोडी थोडी पाजावी लागते. कुंचा फिरवायचा, वाळू द्यायचं, पुन्हा फिरवायचा. हिचं सूत आता कमजोर आहे. मोठी वाटी तिले झेपत नाई. तू वाटी नको बदलू."

डाएटिशियननं चांदीची वाटी उचलून पाहिली. मग म्हणाली, "ठीक आहे काका. वाटी हीच ठेवू. पण खळ पाण्यासारखी पातळ असली तर?"

"तर सुताले काय लागणार आहे," बाबा म्हणाले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर सगळं उमटलं. "अरे बाप्पा. मी निवळ पाजून राहिलो."

त्यानंतर त्या दोघांनी मला विचारलंसुद्धा नाही. चांदीची वाटी कायम, पण दर दोन तासांनी. वरण ढवळून, घोटून, चमचा उभा राहील इतकं घट्ट, त्यात तूप. खिचडीत डाळ दुप्पट. दुधात फल्लीदाण्याचा, म्हणजे शेंगदाण्याचा, कूट आणि गूळ. सूप करायचं तर त्यात खिमा बारीक करून घालायचा, नुसतं पाणी नाही. वाटी तेवढीच, पण तिच्यातला घास भारी करायचा. पोट लहान झालं असेल तर घासात जास्त भरा, एवढाच तिचा सांगण्याचा अर्थ होता, आणि बाबांना तो माझ्यापेक्षा लवकर कळला.

घरी आल्यावर बाबांनी घड्याळ स्वयंपाकघरात नेऊन टांगलं. मिक्सर लागला की आई म्हणायची, "आलं माहं संकट." पण खायची. पहिले काही दिवस आम्हाला काहीच फरक दिसला नाही, आणि मी रोज फोनवर बाबांना विचारून विचारून वैताग आणला. घट्ट केलं का? चमचा उभा राहिला का? तूप घातलं का? ते म्हणायचे, "हाव वं माय, हाव." मग एका सोमवारी मी सुट्टी टाकून सोबत गेले, तेव्हा काट्यावरचा आकडा हलला. थोडासाच, पण वर. डाएटिशियननं टाळी वाजवली आणि आई तिच्यावरच डाफरली, "काय टाळ्या वाजवते, मी काय बोहल्यावर चढली?" ज्या अर्थी आई परक्या माणसावर डाफरली, त्या अर्थी ती बरी होत होती. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून घेतलं.

दसऱ्याला आईनं अर्धी भाकर स्वतःच्या हातानं खाल्ली. वर सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचा, तुकडा मागितला आणि त्यात सांबार कमी पडला म्हणून बाबांना बोल लावला. मी त्या महिन्यात किती वेळा घरी आले, पण बाबा जेवताना मला काही दिसले नाहीत. विचारलं की म्हणायचे, मी मागून जेवतो. पँट त्यांनी कमरेला सुतळीनं बांधलेली मी पाहिली होती. वाटलं, पट्टा तुटला असेल. शेजारीण म्हणाली, तुझे बाबा वाळले वं. मी म्हटलं, धावपळ होते ना. घरात एकाच माणसाचं वजन मोजायचं असतं अशी आमची सगळ्यांची समजूत झाली होती.

दिवाळीच्या आधी ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर आला आणि म्हणाला, छान झालं, रक्तही चांगलं होतं, जखम भरून येईल. बाबांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात. मी भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं.

टाके काढायला गेलो त्या दिवशी आई स्वतः चालत डाएटिशियनच्या खोलीत शिरली. काट्यावर चढली, आकडा ऐकला, मान डोलावली आणि खाली उतरली. मग म्हणाली, "आता यांले चढवा."

"मले काय झालं?" बाबा म्हणाले.

"चढा म्हणते ना मी."

"अवं, मी धडधाकट आहो."

"मी खाटेवर पडून तुमच्याकडेच पाहत होती ना रोज. दुसरं काय होतं पाहाले? चढा."

बाबा चपला काढून काट्यावर चढले. डाएटिशियननं आकडा पाहिला, मग तिला बाबांचं पूर्वीचं वजन विचारावं लागलं. गिरणीतल्या तपासणीत दरवर्षी तेवढंच यायचं, ते बाबांना पाठ होतं. त्यांनी सांगितलं. आईनं इतक्या आठवड्यांत जेवढं कमावलं होतं, जवळजवळ तेवढंच बाबांनी घालवलं होतं.

"काका," डाएटिशियननं विचारलं, "काल तुम्ही काय काय खाल्लं, आठवून सांगा बरं."

बाबा आठवायला लागले. सकाळी चहा. मग आईचं दूध झालं, मग आईचं वरण झालं, मग आईचा खिमा झाला, मग आईची खिचडी. आईचं सगळं त्यांना घड्याळाच्या काट्यासकट आठवत होतं. स्वतःचं काही केल्या आठवेना. "वरणाच्या गंजात, भांड्यात, जे राहत होतं ते खात होतो ना," शेवटी ते म्हणाले. "हिचं घट्ट काढून घेतलं का निवळ राहते."

आईनं बाबांच्या चपला पायानं त्यांच्याजवळ सरकवल्या. मी मात्र त्या खोलीत उभी राहून मनातल्या मनात रोजचे फोन आठवत होते. आईनं काय खाल्लं, हे मी रोज विचारलं. बाबा, तुम्ही काय खाल्लं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी घरी आल्यावर आई ओट्यापाशी गेली. जखम अजून ताजी होती, मी नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही. भिंतीला धरून उभी राहिली आणि डाळ घोटली. मग बाबांना पाटावर बसवलं आणि ताट मांडलं. ताटात नेहमीची स्टीलची वाटी. बाबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "एवढं नाई जात आता मले. पोट भरून आलं पाहूनच."

आईनं वाद घातला नाही. आत गेली, चांदीची वाटी घेऊन आली, तिच्यात वरण वाढलं, वर तूप सोडलं आणि समोर खुर्ची ओढून बसली. बाबांनी एक वाटी संपवली. तिनं दुसरी भरली.

मी बुटीबोरीला परत आले. आता संध्याकाळचा फोन आई उचलते. परवा मी विचारलं, "बाबांनी किती वाट्या खाल्ल्या?"

"मोजत नाई वं मी," आई म्हणाली. "समोर बसून राहते. ताट रिकामं होईस्तोवर उठत नाई."